सावलीत बस, बापा

हजेरी घेता घेता ड्रिल मास्तर मधेच थांबायचे. डाव्या हाताचं बोट आपोआप नाकपुडीवर जायचं, नुकतंच वाचलेलं नाव ते पुन्हा एकदा मनात वाचायचे, आणि त्या नावाच्या पोराकडे पाहून हलक्या आवाजात म्हणायचे, "तू सावलीत बस, बापा."

सावली म्हणजे मैदानाच्या कडेचा कडुनिंब. पाचवीची नवी पोरं दरवर्षी जूनमध्ये रांगेत उभी राहायची आणि त्यांतली दोन-तीन अशी निंबाखाली जायची. एकदा गेलेलं पोर सातवी पास होईपर्यंत तिथून उठत नसे.

हिंगणघाट तालुक्यातल्या एका मोठ्या गावात आमची ती मिडल शाळा होती. मी वर्ध्याहून नुकताच तिथे गणित शिकवायला आलो होतो. वय बावीस, आणि सगळ्या जगाचं आपल्याला कळतं अशी खात्री. ड्रिल मास्तर चाळिशीचे. धोतर, खाकी कोट, गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी. त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. हेडमास्तरसुद्धा त्यांना ड्रिल मास्तरच म्हणत.

निंबाखाली कोण बसतं हे कळायला मला दोन आठवडे लागले. दगडू, धोंडू, उकर्डा, भिका, कचरू. तुम्ही आमच्याकडचे असाल तर पुढचं सांगायला नको. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, ती पुढच्या मुलाला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचलून आणते, त्याचं नाक टोचते आणि असं काहीतरी टाकाऊ नाव ठेवते. हे पोर कोणाला नको आहे असं वाटून तरी मरण त्याच्या वाटेला जाऊ नये, एवढीच तिची आशा असते. मास्तर रजिस्टरमध्ये नावं वाचत नव्हते. त्या घरांमध्ये काय झालं असेल ते वाचत होते.

बाकीच्या पोरांना मात्र ते मनापासून खेळवत. आमचा खास खेळ आट्यापाट्या. जमिनीत आखलेल्या नऊ पाट्या, प्रत्येक पाटीवर अडवणारा एकेक गडी, आणि त्यांना हुलकावण्या देत पलीकडे जायचं. मास्तर पाट्या स्वतः आखत, खडे स्वतः वेचत. खेळताना कोणाला साधं खरचटलं तरी शिट्टी वाजवून सगळा खेळ थांबवत आणि टिंचरची बाटली मागवत. "टिंचर लाव," हे त्यांचं दुसरं वाक्य. सातवीतली दांडगी पोरं मारामारीला घाबरत नसत, पण त्या टिंचरला घाबरत.

सावलीतल्या पोरांना कामं होती. गुण मोजणं, बाटली सांभाळणं, इतरांच्या टोप्यांवर लक्ष ठेवणं. गुणांच्या बाबतीत आमची शाळा कधी चुकली नाही, कारण मोजायलाच सहा जण होते. उन्हाळ्यात बाकीची पोरं त्यांचा हेवा करत. थंडीत मात्र ती सहा जणं गुडघे पोटाशी घेऊन उन्हातल्या खेळाकडे बघत बसत, आणि सावली पुढे सरकली की तिच्याबरोबर सरकत. त्यांना तसं कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांच्यात कचरू होता. शेतकऱ्याचा मुलगा, घर गावाच्या टोकाला. पाचवीपासून सावलीत. अबोल, हिशोबात पक्का. एकदा संध्याकाळी गावातली गुरं परतत होती. गल्ली अरुंद, म्हशींची गर्दी, आणि समोरून हा पोरगा दप्तर छातीशी धरून आला. थांबला नाही. एका म्हशीला डावी हूल दिली, दुसरीला उजवी, दोन बैलांच्या मधून तिरपा निघाला आणि शेपटीलाही धक्का न लावता माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला बघून एकदम ओशाळला. मग छातीवर हात ठेवून हळू हळू चालायला लागला. तो हात मी पाहिला, पण त्याचा अर्थ विचारायचं मला सुचलं नाही. ते आजही मला लागतं.

डिसेंबरात हिंगणघाटला तालुक्यातल्या शाळांचे सामने होते. आठ दिवस उरले असताना आमच्या नवांतल्या एकाला कांजिण्या निघाल्या. मी मास्तरांना म्हटलं, कचरूला घ्या. त्यांनी मान हलवली. मी गुरांच्या गल्लीतली हकीकत सांगितली, ती त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि पुन्हा मान हलवली. मी चिडलो. पोरांना असं कापसात गुंडाळून ठेवायचं असेल तर शाळेत आणायचंच कशाला, असं काहीतरी बोललो. मास्तर रागावले नाहीत.

"तुमाले त्याचं नाव माहीत हाय ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

नावात काय असतं, असं मी म्हणालो. त्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले की मीच तिथून निघालो.

पण हट्ट माझाही होता. दुसऱ्या दिवशी रविवार. मी कचरूच्या आईची परवानगी आणायची ठरवली. ती शेतात कापूस वेचत होती. कमरेला ओटा, म्हणजे वेचलेला कापूस ठेवायची लुगड्याची झोळी, बांधलेला, हात बोंडांवरून न थांबता फिरत होते. मी ओळख सांगितल्यावर ती घाबरून उभी राहिली. मी फार समंजस आवाजात बोलायला लागलो. तुमची आधीची मुलं गेली, तुमची काळजी आम्हाला समजते, पण कचरूला एकदा खेळू द्या.

कोण गेली, असं तिने मलाच विचारलं. तिच्या घरात कोणी गेलं नव्हतं. कचरू पहिलाच, त्याच्यामागच्या दोन बहिणी धडधाकट. कचरू हे त्याच्या आज्याचं नाव. म्हातारा पंचक्रोशीत बैल पारखण्यात नामांकित होता, म्हणून हौसेने नातवाला ठेवलेलं.

मला हसू आलं. तीन वर्षं एक पोर आज्याच्या नावापायी झाडाखाली बसलं होतं. मी ते तिला हसत हसतच सांगितलं. ती हसली नाही. ओट्यातला कापूस तिने दोन्ही हातांनी दाबून धरला.

"म्हंजे त्याले रोग नाई?" ती म्हणाली.

कसला रोग, मी विचारलं.

मग ती बोलली. पोरगं दोन वर्षांपासून जेवता जेवता विचारायचं, आई, मले काय झालं हाय. मास्तर बाकीच्यांना खेळवतात, मला बसवतात, म्हणजे त्यांना माझ्या अंगात काहीतरी दिसतं. तिने त्याला वैद्याकडे नेलं. वैद्य म्हणाला, काही नाही. पण वैद्य खेड्यातला, आणि मास्तर शिकलेला. मास्तरला दिसलं ते वैद्याला दिसलं नसेल असं तिने धरलं. शाळेत येऊन विचारायचा तिला धीर झाला नाही, कारण मग ते ऐकावं लागलं असतं.

"मंग मीबी त्याले बैलबंडीवर चढू देनं बंद केलं, गुर्जी. हिरीवर जाऊ देनं बंद केलं. पोरगं छातीवर हात ठेवून चालते. धडधड मोजून राह्यते."

मी शाळेत परतलो तेव्हा मास्तर सुट्टी असूनही सामानाच्या खोलीत बसून लेझमीच्या चकत्या बदलत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, आणि सांगताना मला थोडं बरंही वाटत होतं, कारण मी जिंकलो होतो. आज्याच्या नावाशी आलो तेव्हा त्यांचा हात थांबला. रोगाचं सांगितलं तेव्हा त्यांनी लेझीम खाली ठेवली.

"तीन वर्षं?" त्यांनी विचारलं.

तीन वर्षं, मी म्हणालो.

मग ते स्वतःहून सांगायला लागले. आधी ते देवळीकडच्या एका शाळेत होते. तिथे उकर्डा नावाचा मुलगा होता. हुतूतू खेळताना पडला, गुडघा खरचटला. मास्तर तेव्हा तरणे होते. "माती हाय, ऊठ," असं त्याला म्हणाले. तो उठला, डाव पुरा खेळला, गुडघ्याला माती तशीच घेऊन घरी गेला. पुढच्या आठवड्यात धनुर्वाताने गेला.

"मी घरी गेलतो," मास्तर म्हणाले. "वाटलं, माय मले मारन. तिनं मारलं नाई. रडलीबी नाई. तिनं फक्त इचारलं, गुर्जी, तुमाले त्याचं नाव माहीत नोतं का?"

बोलताना त्यांचं बोट नाकपुडीवर होतं. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि त्यात मला पहिल्यांदाच दिसलं, की तिथे लहानपणी टोचलेलं आणि पुढे बुजलेलं एक भोक आहे. मी काय बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. आपल्याआधी चार भावंडं गेली, असं त्यांनी सांगितलं. आईने बारा वर्षं उंबऱ्याबाहेर खेळू दिलं नाही. दुसऱ्यांची पोरं ज्या खिडकीतून दिसायची तिचे गज आपल्याला अजून आठवतात, म्हणाले. मला जिंकल्यासारखं वाटत होतं त्याची तेव्हा लाज वाटली.

सोमवारी ड्रिलच्या तासाला मास्तर निंबाखाली गेले. सगळी शाळा बघत असताना कचरूसमोर उभे राहिले.

"माहं चुकलं, बापा. तुले काई झालं नाई. नाव वाचाले मीच चुकलो."

कचरू उठून उभा राहिला. त्याने विचारलं, "मंग मी मरनार नाई?"

पोरं हसली. मास्तर हसले नाहीत. "म्हातारा होऊन मरशीन," ते म्हणाले, आणि त्याच्या दंडाला धरून त्याला उन्हात आणलं.

बाकीच्या पाचांना त्यांनी सांगितलं, आपापल्या मायला विचारून या. आठवडाभरात तिघं उन्हात आली. दोघांच्या आया नाही म्हणाल्या. ती दोघं सावलीतच राहिली, आणि मास्तर रोज तासाच्या शेवटी थोडा वेळ त्यांच्याजवळ जाऊन बसत.

हिंगणघाटला आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो. त्याचं मला काही वाटलं नाही. मला आठवतो तो पहिल्या सामन्यातला एक क्षण. कचरू सहा पाट्या पार करून सातवीवर हूल द्यायला गेला आणि पाय सरकून दाणकन पडला. गुडघा सोलला. पडल्या पडल्या त्याने मैदानाबाहेर मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पांढरे पडले होते. टिंचरची बाटली त्यांच्या हातात होती, शिट्टी ओठांत. सगळ्यांना वाटलं, आता वाजणार. त्यांनी शिट्टी ओठांतून काढली. त्यांना बोलायला फार कष्ट पडले ते शेजारी उभ्या असलेल्या मलाच दिसलं.

"माती हाय," ते म्हणाले. "ऊठ."

कचरू उठला आणि उरलेल्या पाट्या पार करून गेला. डाव संपल्यावर मास्तरांनी त्याचा गुडघा तीन वेळा धुतला, आणि पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी त्याच्या घरी जाऊन बघून आले. मला न सांगता जात. त्याच्या आईनेच मला सांगितलं.

एप्रिलमध्ये मास्तरांची आर्वीकडे बदली झाली. निरोपाच्या दिवशी हेडमास्तरांनी बदलीचा हुकूम वाचला आणि त्यात मास्तरांचं पूर्ण नाव आलं. पाचवीची पोरं नाव ऐकून खुदखुदली. सातवीची पोरं हसली नाहीत. त्यांनी मान वळवून निंबाकडे पाहिलं.

शेवटी पोरांनी हट्ट धरला, मास्तर, एक डाव आमच्याबरोबर खेळा. इतकी वर्षं आट्यापाट्या शिकवणारा हा माणूस कधी पाटीत उतरलेला कोणी पाहिला नव्हता. त्यांनी बरेच आढेवेढे घेतले. मग शिट्टी काढून कचरूच्या गळ्यात घातली, धोतर खोचलं आणि उतरले. हुलकावणी कशी द्यायची हे त्यांना तोंडपाठ होतं. पायांना मात्र माहीत नव्हतं. दुसऱ्याच पाटीवर ते अडखळले आणि पालथे पडले.

मास्तर तसेच पडून होते, हाताचे तळवे मातीत टेकलेले. लागलं होतं असं नाही. ते बहुधा चाळीस वर्षांत पहिल्यांदा पडले होते.

कचरू जवळ गेला आणि खाली वाकला. "माती हाय, मास्तर," तो म्हणाला. "उठा."

दुपारच्या मोटारीने ते गेले. पुन्हा भेट झाली नाही. तीन वर्षांनी ते वारल्याचं पोस्टकार्ड आलं. तोवर गावातल्या कितीतरी घरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि पोरांची नवी नावं लावायला बाप शाळेत येत होते. कचरूचं घरही त्यांत होतं. त्याने मात्र आपलं नाव बदलू दिलं नाही, आज्याचं आहे म्हणाला. निंबाखाली आता कोणी बसत नसे, आणि तासाला कधी माझं लक्ष तिकडे गेलं की शिकवताना मी मधेच थांबायचो.

मास्तरांचं नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर वाचता वाचता तुम्हीही त्यांना सावलीत नेऊन बसवलं असतं.