नियमाचं अर्धं वाक्य

रोज सकाळी सव्वादहाला टेबलाशी बसले की रामहरी आधी पेपर उघडायचे, आणि तोही मागच्या बाजूनं. निधनवार्तांच्या रकान्यावरून लाल पेन्सिल सावकाश खाली यायची. वय किती, गाव कोणतं, मागं कोण कोण आहे. मग ड्रॉवरमधला एक घडी घातलेला कागद निघायचा. त्यावरची नावं आणि रकान्यातली नावं ताडून झाली की कागद परत आत, पेन्सिल कानावर. चहा त्यानंतर.

शेजारच्या टेबलावरचे बद्रीनाथ विचारायचे, "आज कोण गेलं का आपल्यातलं?"

"नाही. सगळे हजर."

"बघा हं. तुमच्या भीतीनं तरी जगतील बिचारे."

त्या कागदावर पद्म पुरस्कारांसाठी जिल्ह्यातून गेलेली नावं असायची. एकोणीस वर्षं रामहरी त्या कामावर होते. इतर कारकुनांना सातबाराची, बदल्यांची कलमं पाठ असतात. रामहरींना या पुरस्कारांची होती. सगळ्यात वर भारतरत्न, त्याची वाट वेगळी. त्याखाली पद्मविभूषण, पद्मभूषण, पद्मश्री. एक पायरी मिळाली की पुढच्या पायरीसाठी निदान पाच वर्षं थांबायचं. नोकरीत असलेल्या सरकारी माणसाला नाही. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ तेवढे अपवाद. माणसाचं काम आठशे शब्दांत बसवायचं. आणि मिळाल्यावर ते नावाच्या मागं-पुढं लावायचं नाही. ना पाटीवर, ना लेटरहेडवर. एकदा एका संस्थाचालकानं मुलाच्या लग्नपत्रिकेत स्वतःच्या नावाआधी 'पद्मश्रीसाठी शिफारस झालेले' असं छापलं होतं. रामहरींनी ती पत्रिका फाइलला लावली आणि लग्नालाही जाऊन आले. जेवण चांगलं होतं, म्हणाले.

नियमांवर त्यांचा जीव होता, त्याला कारण होतं. ते पाचोडच्या पुढच्या एका धनगर वस्तीवरचे. बाप गेला तेव्हा ते सातवीत होते आणि मागं चाळीस मेंढरं होती. वस्तीच्या रिवाजानं त्यांनी शाळा सोडून मेंढरांमागं जायचं होतं. मुंजाबामामानं ती चाळीस मेंढरं आपल्या कळपात घेतली, त्यांच्या कानांवर वेगळी खूण केली आणि म्हणाला, "तू शिक. ही तुझीच हायेत. मी निस्ता चारतो." दहावीपर्यंतची फी, शहरातलं वसतिगृह, सगळं त्या वेगळ्या खुणेच्या मेंढरांतून निघालं. नियम पाळणारा माणूस काय असतो, ते रामहरींनी कचेरीत यायच्या आधीच पाहिलं होतं.

मुंजाबाचा स्वतःचाही एक नियम होता. काळ्या लोकरीच्या, दुष्काळात तग धरणाऱ्या देशी मेंढरांचं वाण त्यानं साठ वर्षं निर्भेळ राखलं. रोगराईत कुणाचा कळप बसला की तो आपल्यातला एक पैदाशीचा एडका त्याला देऊन टाकायचा. परत घ्यायचा नाही. घेणाऱ्यानं दोन वर्षांनी त्याच वाणाचा एडका दुसऱ्या अडलेल्या माणसाला द्यायचा, एवढीच अट. जालना, बीड, पार नगरच्या हद्दीपर्यंत मुंजाबाचे एडके पोचले होते. त्याचा एक कागद नव्हता.

एकोणीस वर्षं दुसऱ्यांची नावं वर पाठवताना रामहरींच्या मनात मामाचं नाव येऊन जायचं. पण घरचा माणूस म्हणून त्यांनी ते कधी ओठावर आणलं नाही. शेवटी बायकोनंच विषय काढला.

"कुणीही कुणाचं नाव देऊ शकतं, असं तुम्हीच सांगता ना?" रत्नमाला म्हणाली. "मग मामांनी काय घोडं मारलंय?"

निवृत्तीला वर्ष उरलं होतं. मामा चौऱ्याऐंशीचा झाला होता. रामहरींनी बजाजनगरच्या आपल्या दोन खोल्यांत आठ दिवस बसून आठशे शब्द लिहिले. मुंजाबाचा मुलगा हनुमान याच्या नावानं अर्ज भरला गेला. कचेरीत त्यांनी, सदर व्यक्ती माझे मामा लागतात, असं पहिल्याच दिवशी लिहून दिलं.

मग ते वस्तीवर गेले, सगळ्यांना नीट सांगायला. लिंबाखाली माणसं जमली. रामहरींनी पायऱ्या सांगितल्या, अटी सांगितल्या.

"पैसे किती?" कडुबानं विचारलं. कडुबा मुंजाबाचा चुलतभाऊ, तोंडाचा फाटका.

"पैसे नसतात."

"नावाम्होरं लावायचं?"

"लावता येत नाही."

"मंग काय एडक्याच्या गळ्यात बांधायचं?"

मुंजाबाही हसला. म्हणाला, "एडक्याला दिलं तर बरंच व्हईल. काम त्याचंच हाये."

हसणं ओसरल्यावर म्हाळसाबाईनं, मुंजाबाच्या बायकोनं, चुलीपासूनच विचारलं, "आन् रामहरी, मधीच मानसाचं काही बरंवाईट झालं तर?"

"मेलेल्या माणसाला देत नसतात, मामी."

नियमात एवढंच नव्हतं. सहसा मरणोत्तर देत नाहीत, पण योग्यता फारच मोठी असेल तर सरकार तसा विचार करू शकतं, असं ते वाक्य आहे. रामहरींना ते झोपेतही म्हणता आलं असतं. पण फाट्यावर पाचची एसटी गाठायची होती, आणि जिवंत माणसासमोर त्याच्या मरणाचे अपवाद कुठं सांगत बसायचे. त्यांनी अर्धं सांगितलं आणि चप्पल पायात घातली.

दिवाळीनंतर चौकशीचे अहवाल आले. मुंजाबाच्या नावापुढं तालुक्याच्या माणसानं लिहिलं होतं: सदर इसम मेंढपाळीसाठी बाहेरगावी, पत्नी घरी भेटली, माघात परततील असे सांगितले.

रामहरींनी तो कागद बाजूला ठेवला. थोड्या वेळानं परत घेतला.

पत्नी घरी भेटली.

दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसलं नसतं. पण दिवाळी झाली की वस्तीवरची बिऱ्हाडं घोड्यांवर लादली जातात, आणि बाप्यामागं बाई निघतेच. म्हाळसामामी बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी निघालेली बाई. वस्तीच्या रिवाजात अशा वेळी एकच बाई मागं राहते. जिचा नवरा गेलाय ती. वर्षभर ती गावाची शीव ओलांडत नाही.

त्यांनी ड्रॉवर उघडला, कागद काढला. मामाच्या नावावर लाल खूण नव्हती. ती कुठून असणार? वस्तीवरचं कुणी मेल्यावर पेपरात देत नाही.

बाजाराच्या दिवशी ते पाचोडला उतरून वस्तीवर गेले. हनुमान दारात होता. पटक्याखाली नुकते उगवलेले, बोटभर केस. रामहरींना पाहून त्यानं पटका खाली ओढला, मग हात तसाच सोडला.

"कधी?"

"भादव्यात. दिसभर ताप व्हता निस्ता."

"मला कळवलं नाही."

"तुला कळवलं असतं तर तुला लिहावं लागलं असतं," म्हाळसाबाई आतून म्हणाली. ती बाहेर आली नाही. "तूच म्हनलास ना, मेलेल्याला देत नाहीत. मंग आमी ठरवलं, सव्वीस जानेवारीपस्तोर मरू द्यायचं नाय त्याला."

तेरावं त्यांनी दार लावून केलं होतं. जालन्याकडं, बीडकडं सांगावा धाडला नव्हता. गोष्ट फुटली असती. साठ वर्षांत ज्यांच्या कळपात मुंजाबाचा एडका गेला त्यांच्यापैकी एकही माणूस आला नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं.

"आता तू काय लिव्हनार?" हनुमाननं विचारलं.

रामहरींनी आत, मामीच्या दिशेनं पाहिलं.

"काय लिव्हू नकं. आमी सांगत नाय, तू सांगू नकं. दोन महिन्यांचा तर सवाल हाये, दादा."

ते परतले. तीन दिवस तो अहवाल त्यांनी पुढं सरकवला नाही. बद्रीनाथांनी दोनदा विचारलं, तब्येत बरी नाही का. एरवी बद्रीनाथांच्या प्रत्येक थट्टेला उत्तर असायचं. त्या तीन दिवसांत नुसती मान हलायची. रत्नमालेला त्यांनी रात्री जेवताना सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लिहिलं तर वस्ती तुटेल. नाही लिहिलं तर तुम्ही तुटाल. मी काय सांगू?"

चौथ्या दिवशी त्यांनी लिहिलं. श्री. मुंजाबा यांचे भाद्रपद महिन्यात निधन झाल्याची समक्ष खात्री केली आहे. खाली, नियमातल्या तरतुदीनुसार मरणोत्तर विचार व्हावा, अशी विनंती लिहिली. ती लिहिताना ते पूर्ण वाक्य त्यांच्याच अक्षरात त्यांच्यासमोर आलं, आणि पेन थांबलं. 'सहसा' लिहून झालं होतं, 'परंतु' लिहायचं होतं. त्यांना त्या दिवशीची मामी दिसली, चुलीपाशी हात पुसत उभी असलेली. परंतु, एवढंच म्हणायचं राहिलं होतं.

पंचवीस जानेवारीला यादी आली. मुंजाबाचं नाव नव्हतं. का नव्हतं, ते कुणी सांगत नसतं. देशभरातून हजारो नावं जातात. वस्तीनं मात्र कारण ठरवून टाकलं. रामहरीनं लिहिलं. सरकारचं मीठ खाल्लं, मामाचं विसरला. कडुबानं पाचोडच्या बाजारात रत्नमालेच्या भावाला तोंडावर सांगितलं, "आमच्या वस्तीवर त्यो जिता असून नसल्यागत."

रामहरींना त्याचं वाईट वाटलं, पण तेवढंच. लिहिलं ते बरोबर होतं, यावर ते ठाम होते. त्यांना झोप येत नव्हती ती दुसऱ्याच गोष्टीनं. आपण अर्धं वाक्य खाल्लं नसतं तर त्या लोकांनी मरण लपवलं नसतं. सांगावे गेले असते. तेराव्याला तीन जिल्ह्यांतून माणसं आली असती, एडके घेऊन गेलेली आणि देऊन आलेली, आणि वस्तीवर पाय ठेवायला जागा उरली नसती. दिल्लीला जे द्यायचं असतं ते देवो न देवो, मामाला मिळायचं ते तेच होतं. आणि हे फक्त रामहरींना माहीत होतं. न सांगता निवृत्त होता आलं असतं. वस्तीनं त्यांना एका बरोबर गोष्टीसाठी दोषी धरलं होतं, खरी चूक झाकलेलीच राहिली असती.

माघ संपता संपता ते वस्तीवर गेले. कडुबा लिंबाखाली होता, तो उठून निघून गेला. हनुमान मेंढरांमागं होता, खरंच गेलेला. म्हाळसाबाई ओट्यावर लोकर पिंजत होती. तिनं बस म्हटलं नाही. पाणी दिलं नाही. रामहरी उभ्यानंच बोलले. नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला, 'परंतु'च्या पुढचाही.

म्हाळसाबाईचे हात थांबले.

"म्हंजी सांगितलं असतं तरी चाललं असतं?"

"चाललं असतं. दिलंच असतं असं नाही. पण लपवायचं काही कारण नव्हतं."

"मंग तवा का नाय सांगितलंस?"

"गाडी गाठायची होती, मामी."

तिनं लोकर परत हातात घेतली. लोकरीतला काटा शोधून काढला, बाजूला टाकला. मग म्हणाली, "तेराव्याला अकरा मानसं व्हती. घरचीच. मी सोळा भाकरी टाकल्या, पाच उरल्या. त्याच्या तेराव्याला भाकरी उरल्या, रामहरी."

रामहरी उभेच होते. निघायचं म्हणून त्यांनी पिशवी उचलली आणि परत खाली ठेवली.

मे महिन्याच्या शेवटी ते निवृत्त झाले. आषाढात, छावणीच्या बाजारातून भाजी आणताना त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत ते गेले. या वेळी सांगावा राहिला नाही. रत्नमालेनं पहिला फोन वस्तीवर केला. म्हाळसाबाईचं शीव न ओलांडायचं वर्ष अजून सरलं नव्हतं, तरी ती आली. वस्तीवरून दोन जीपा भरून माणसं आली. कडुबा मागच्या जीपमधून उतरला आणि कोपऱ्यात बसून राहिला.

रत्नमालेनं म्हाळसाबाईला विचारलं, माघात ते आले होते तेव्हा शेवटी काय म्हणाले, कारण घरी येऊन ते काहीच बोलले नव्हते. म्हाळसाबाईनं डोळे पुसले नाहीत. म्हणाली, काय म्हननार. गाडीची वेळ झाली व्हती. मीच म्हनले, तुझी गाडी जाईल. तर त्यो खाली बसला, चप्पल काढून बाजूला ठिवली आन् म्हनला, "जाऊ दे गाडी. मामी, सकाळची भाकर आसंल तर वाढ."