पुढच्या मॉडेलची पुडी

हे मी घरातही कधी बोललो नाही. दिवसभर दुकानात तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस मी, पण हा विषय जवळपास आला तरी फडकं घेऊन काउंटर पुसायला लागायचो. आज तुम्ही निवांत बसला आहात, मीही बसलोय — तर ऐकाच.

महाडच्या बाजारपेठेत माझं मोबाईलचं दुकान. तेव्हा बटणांचेच फोन होते, पण लोकांना काउंटरवरचा फोन कधी नकोच असायचा. हवा असायचा तो अजून न आलेला! पोलादपूरहून एसटीने यायचे, काचेला नाक लावून उभे राहायचे आणि विचारायचे काय, तर पुढच्या मॉडेलात काय काय येणार? अरे, मला काय ठाऊक? कंपनी काय मला विचारून फोन बनवते? वैताग नुसता. पण ‘माहीत नाही’ म्हणायची मला लाज — मोबाईलवाला ना मी! मग सोडायचो पुड्या. बॅटरी आठवडाभर चालणार, पाण्यात पडला तरी फोन वाजणार. थोडं मुंबईच्या होलसेलवाल्याकडून ऐकलेलं, बाकी घरचा मसाला. कोणाचं काय बिघडतंय, असं वाटायचं.

अशीच एक पुडी सोडली. पुढच्या फोनला समोरून कॅमेरा येणार, बोलताना पलीकडचा माणूस दिसणार — आणि आपल्या महाडातही दिसणार. कॅमेऱ्याचं मी ऐकलं होतं. महाडचं मात्र माझ्या पदरचं. त्याला लागणारं नेटवर्क आपल्याकडे नाही, हे होलसेलवाल्याने मला स्वच्छ सांगितलं होतं. पण समोर दहाजण कान टवकारून उभे असले की जीभ कुठे थांबते?

त्या घोळक्यात हलिमाखाला होत्या. शाळेपासूनचा माझा मित्र इस्माईल, त्याची दासगावची आई. इस्माईल कुवेतला क्रेन चालवायचा. खालांना काचबिंदू झाला होता. नजर जाणार आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. नजर आहे तोवर पोराला एकदा बघायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं, आणि तेवढ्यासाठी इस्माईल त्या वर्षी रजा घेऊन येणार होता.

“काय रे, माजा इस्माईल दिसल त्याच्यात?” त्यांनी विचारलं.

“दिसणार म्हणजे काय, खाला! समोर बसल्यासारखा.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पुढे इस्माईलनेच मला फोन केला. रजा घेतली तर साहेब नाराज होणार होता. फोन खरंच चालणार असेल तर तोच पाठवतो, मी नंतर येतो, असं त्याचं म्हणणं. तेव्हा तरी तोंड उघडायचं की नाही? एक ‘नाही’ म्हणायला काय माझी जीभ झडणार होती? पण भर बाजारात बोलून बसलो होतो ना! “चालतो रे, बिनधास्त पाठव,” म्हणालो. त्याने रजा सोडली.

सुट्टीवर येणाऱ्या शेजाऱ्याच्या बॅगेतून, साबण-अत्तराबरोबर फोन आला; तसाच दुसरा इस्माईलने स्वतःकडे ठेवला होता. गल्फचं सामान आमच्याकडे असंच येतं. भर दुपारी मी खालांच्या पडवीत तो घेऊन बसलो. चित्र येईना. येणार कुठून? इस्माईल माझ्या फोनवर बोलत होता, स्पीकर चालू होता आणि मी खालांच्या हातातल्या नव्या फोनची बटणं दाबत घामाघूम झालो होतो. दाबता दाबता समोरचा कॅमेरा सुरू झाला आणि स्क्रीनवर खालांचाच चेहरा आला. त्यांनी फोन पार डोळ्यांशी नेला.

“आला रे, आला! या अल्ला, किती सुकलाय... नि डोक्यावर काय घेतलाय ह्यानं?”

ती त्यांचीच ओढणी होती.

“तिकडे ऊन फार असतं, खाला,” मी म्हणालो.

दया आली म्हणून बोललो असं सांगितलं तर ती आणखी एक पुडी होईल. दयाबिया काही नाही. सुटलो, एवढंच वाटलं. इस्माईल विचारत होता, “दिसतोय काय रे मी?” मी म्हणालो, “झकास दिसतोयस, गडबड तुझ्याच बाजूला आहे.” खाला स्क्रीनवरून बोट फिरवत होत्या. त्याला म्हणाल्या, “बघितला तुला. आता घाय करू नको. सावकास ये.”

तो सावकाशच आला. तोवर त्यांना उजेडही कळेनासा झाला होता. त्यांनी त्याचे गाल चाचपले, हनुवटी चाचपली आणि म्हणाल्या, “भरलास रे. फोनात केवडा सुकलावतास.” इस्माईलने तिथेच मला मिठी मारली. खालांनी माझा हात शोधून धरला आणि दुवा दिली. मी ती घेतली. वर चहाही प्यायलो.

खाला आता नाहीत. इस्माईल सुट्टीवर आला की आधी दुकानात येतो, आणि कुणी अनोळखी बसलेलं असलं तर माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगतो, “आमच्या आईची नजर जायच्या आधी ह्यानं मला तिला दाखवला.”

मी मान डोलावतो.