मजलिसचं दार

गुरुवारी सकाळी मी कामांची यादी घेऊन बसले होते. एसीची सर्व्हिसिंग, डायपरची ऑर्डर, नव्या टीचरचा व्हिसा... आणि सगळ्यात खाली, दर गुरुवारसारखं, ‘उम्म सालेम येणार’. तेवढ्यात आमचं स्वयंपाकघर सांभाळणारी दापोलीची रुखसाना दारात येऊन उभी राहिली. हातात फोन. “मॅडम, खजूर नका काढायला सांगू. अम्मा गेल्या. पहाटे, झोपेतच.” बाकीची कामं मी त्या दिवशी एकेक करून खोडली. उम्म सालेमची ती ओळ तेवढी खोडवेना.

अबू धाबीतली आमची नर्सरी ज्या बंगल्यात भरते, तो उम्म सालेम यांचा. त्यांचं लहानपण खजुराच्या झावळ्यांच्या घरात गेलेलं. मग तेल निघालं, पैसा आला आणि त्यांच्या यजमानांनी हा बंगला बांधला. दोनच मजले, पण लिफ्ट. न्हाणीघरात सोनेरी हंस, त्यांच्या चोचीतून पाणी. जिन्यावर ट्रकभर काचेचं झुंबर. पुढे मुलं शहराबाहेर आपापल्या व्हिलांमध्ये गेली, यजमान वारले, त्या थोरल्या मुलीकडे, मोझाकडे राहायला गेल्या आणि बंगला मी भाड्याने घेतला. हंसांमुळे आमच्या मुलांना हात धुवा म्हणून सांगावं लागत नाही. लिफ्टमधून आम्ही खेळणी चढवतो. पोहण्याच्या तलावात मी वाळू भरून घेतली, तेव्हा बाई काठावर उभ्या राहून पोट धरून हसल्या. “मुदीरा!” त्या मला मुदीरा म्हणत, म्हणजे मुख्याध्यापिका. “मेरा आदमी पैसा देके रेत निकाला. तुम पैसा देके वापस डाला!” वडील मुंबईशी व्यापार करणारे, त्यामुळे हिंदी झकास, फक्त जगातलं सगळं पुल्लिंगी.

हसण्यावारी न्यायची नाही अशी त्यांची एकच गोष्ट होती. बंगल्याला दोन दारं. बाजूचं घरच्या बायकामुलांचं आणि समोरचं, पितळी कड्यांचं, मजलिसचं, म्हणजे पुरुष पाहुण्यांच्या बैठकीचं. मुलांच्या सुरक्षेसाठी मला येण्याजाण्याचं दार एकच हवं होतं आणि मी बाजूचं ठरवलंही होतं. पार्किंग तिकडे, सावली तिकडे, प्रश्नच मिटला! नकाशा दाखवला तर बाईंनी समोरच्या दारावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “सामने वाला रखो.” मी पार्किंगचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “मुदीरा, इस घर में मेरा सारा बच्चा पैदा हुआ. कहवा बनाके मैं अंदर के दरवाज़े तक लाता, उधर से लड़का ले जाता. उस बड़े दरवाज़े से मैं कभी नहीं आया... एक दिन भी नहीं.”

मी नकाशा बदलला. मुसफ्फ्याच्या कारखान्यांत कामाला जाणारे आईबाप घाईच्या वेळी वळसा घालावा लागतो म्हणून आजही कुरकुरतात. मी समोर छत बांधून दिलं आणि विषय संपवला.

उद्घाटनाला बेल वाजली. एकदा, लगेच पुन्हा एकदा. उघडलं तर बाई उंबऱ्याबाहेर ताठ उभ्या, आत यायचं नाव नाही. “तफद्दली बोलो!” हुकूम सुटला. घरी आलेल्या बाईला ‘या’ म्हणायचं, तो शब्द. मी म्हटलं, तेव्हा कुठे त्या आत आल्या, पाहुणीच्या ऐटीत सोफ्याच्या मधोमध बसल्या आणि म्हणाल्या, “खजूर किधर है?” तेव्हापासून दर गुरुवारी हेच. चावी पर्समध्ये असूनही बेल दोनदा. मुलं “आजी” ओरडत धावायची, कारण रुखसानाने तेच शिकवलेलं.

परवाच्या गुरुवारी मोझा आली, आईचं राहिलेलं सामान न्यायला. बाजूच्या बंद दाराशी उभी राहून फोन करत होती. “आमचं दार हेच,” ती इंग्रजीत म्हणाली. मी तिला फिरवून समोर आणलं. त्या कड्यांकडे बघून ती थबकली, मागे वळून पाहिलं, कुणी रागावेल की काय अशी... मग हसली. मला काय सुचलं कोण जाणे, मी एकटीच आत गेले आणि दार लावून घेतलं.

जरा वेळाने बेल वाजली. लगेच पुन्हा एकदा.

वाळूतून कुणीतरी ओरडलं, “आजी इज लेट!” आणि सगळी फौज पायांची वाळू सांडत दाराकडे धावली. मी दार उघडलं. म्हटलं, “तफद्दली.”

आतून रुखसानाचा आवाज आला, “मॅडम, खजूर काढते!”