समोरच्या भिंतीचा कठडा

त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंतीला ओळंबा लावल्याशिवाय तो पुढचा थर चढवत नसे, आणि दुसऱ्या कुणाची भिंत कलती दिसली तर त्याला त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. एकसष्टाव्या वर्षी एका सकाळी दाढी करताना डावा गाल लोंबला आणि डावी बाजू गेली. बायकोने शेजारपाजार गोळा करत न बसता थेट इस्पितळ गाठलं, म्हणून जीव वाचला. पाय काठीपुरता परत आला. हात आला नाही.

पक्षाघाताच्या वॉर्डातून व्यायामाच्या खोलीकडे एक लांब पॅसेज जायचा. बेचाळीस पावलं. धरून चालायला कठडा होता, पण एकाच भिंतीला. ओळंबा जाताना तो उजव्या हाताने धरायचा. येताना तोच कठडा डाव्या, मेलेल्या हाताकडे यायचा, म्हणून त्याला चाकांच्या खुर्चीत घालून आणत. उजवी बाजू गेलेल्यांचं नेमकं उलटं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना त्याने विचारलं, चालायला शिकवता, मग निम्म्या वाटेवर बसवून का नेता? बाई म्हणाल्या, काका, चार वर्षं मी हेच लिहून देतेय.

तो घरी गेला, पण व्यायामाला येत राहिला. पुढे वॉर्डात काय सुधारायचं यासाठी मोठ्या डॉक्टरांनी बैठक बोलावली, तेव्हा बाईंनी त्यालाही नेऊन बसवलं. त्याने एकच गोष्ट मागितली. समोरच्या भिंतीला कठडा, आणि माणूस अंगाचा सगळा भार टाकू शकेल असा. डॉक्टर हो म्हणाले. काम कुणाकडून करून घ्यावं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ओळंब्याने जराही न थांबता बारक्याचं नाव घेतलं.

बारक्या त्याच्याच हाताखाली तयार झालेला. आता पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला, स्वतःची कंत्राटं घेणारा. तरी नाव बारक्याच. ओळंब्याच्या आजारपणात पोटच्या पोराने केलं नसतं इतकं त्याने केलं होतं. पहिला महिना रोज सकाळी येऊन त्याला खांद्यावर घेऊन संडासात न्यायचा.

भिंत जुनी होती. गिलावा जाड आणि जागोजागी सुटलेला. ओळंब्याने टिचक्या मारत घट्ट जागा शोधल्या आणि खडूने फुल्या केल्या. धडधाकट असता तर एका दुपारचं काम. एका हाताने, काठी काखेत धरून, अकरा दिवस लागले. बारक्याला बजावलं, भोक फुलीवरच पाड, फुल्या कमीजास्त अंतरावर दिसल्या तरी चालेल. स्क्रू लांब घे, गिलावा ओलांडून चार बोटं विटेत गेला पाहिजे. बारक्या म्हणाला, मिस्त्री, मला काय आज शिकवताय?

कठडा लागला, भिंतीला रंगही लागला. पहिल्या दिवशी मोठे डॉक्टर आले, फोटो काढणारा आला. पहिली चालणार होती एक शिंपीण. तिची उजवी बाजू गेलेली. जाताना धरायला काही नव्हतं आणि व्यायाम झाल्यावर तिच्यात त्राण उरत नसे, म्हणून तिला दोन्ही वेळा खुर्चीतूनच नेत. आज ती केस विंचरून बसली होती.

ओळंबा पुढे झाला. बांधकामाच्या परांचीवर दुसऱ्याने चढण्याआधी स्वतः चढून ती हलवून बघायची, ही त्याची जुनी सवय. त्याने कठड्यावर उजवा हात ठेवला आणि भार टाकला. कठडा भिंतीतून सुटून खाली लोंबला. स्क्रू जमिनीवर पडला. बोटाच्या दोन पेरांएवढा. त्याला विटेचा लाल कणसुद्धा लागलेला नव्हता, नुसती गिलाव्याची भुकटी. मग त्याने भिंतीकडे नीट पाहिलं. सगळे ब्रॅकेट सारख्या अंतरावर, देखणे. रंगाखाली गेलेल्या फुल्या त्याला पाठ होत्या. एकही फुलीवर नव्हता.

बारक्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग जवळ येऊन हळूच बोलला, "मिस्त्री, ही माणसं जोर तरी किती लावणार? हात ठेवायपुरतं बास आहे."

"मला खांद्यावर तूच नेत होतास ना?" ओळंबा म्हणाला. "माझं वजन किती पडतं, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि सुचवलं की पलीकडचा भाग तर पक्का दिसतोय, बाईंनी कमरेला धरून दोन पावलं चालवलं तरी फोटोपुरतं होईल. बाई खाली बघत राहिल्या. ओळंबा पॅसेजभर एकटाच गेला आणि एका हाताने एकेक ब्रॅकेट उपटत आला. एकालाही फार ओढावं लागलं नाही.

शिंपिणीपुढे येऊन तो थांबला. "आज नाही जमणार बाई. माझ्या माणसाने काम चुकवलं."

"मग कधी?" तिने विचारलं. जीभ अजून जड होती, शब्द दोनदा म्हणावा लागला.



आठवड्याने बारक्या घरी आला. बायकोने पाणी दिलं. तो बाहेरच्या खोलीतून आतल्याला ऐकू जाईल असं म्हणाला, चार स्क्रूंसाठी तीस वर्षं तोडता, मी तुमचं काय कमी केलं? बायको दाराकडे बघत राहिली. आतून काठीचा आवाजही आला नाही. शेवटी ती म्हणाली, "भाऊजी, झोपले असतील," आणि दोघांनाही ते खोटं आहे हे कळत होतं.

दुसऱ्या माणसाकडून कठडा लागायला अडीच महिने गेले. प्रत्येक भोक पाडताना ओळंबा शेजारी उभा होता. या वेळी ड्रिलच्या टोकाला लाल भुकटी येत होती. पहिल्यांदा कोण चालणार, असं त्याने बाईंना विचारलं. शिंपीण त्या अडीच महिन्यांतल्या सातव्या आठवड्यातच घरी गेली होती. खुर्चीतून.