उमाक्का काय ऐकते

तुळजापुरात उमाक्काकडं भाकरी घ्यायला येणारे होतेच. गेल्या दोन वर्षांत "काय ऐकू?" असं विचारायला येणारेही वाढले होते. शिवकन्येला हे सोसत नव्हतं.

शिवकन्या शेजारची. मराठीत एम. ए. दोन्ही घरांत एकच भिंत. भिंतीपलीकडं उमाक्का सकाळी सातपासून दुपारपर्यंत ज्वारीच्या कडक भाकरी थापायची. लॉजवाले, खानावळवाले, सोलापूरहून आलेले भाविक त्या गठ्ठ्यानं न्यायचे. उमाक्का मुरूमकडची. सातवी शिकलेली, पन्नाशी ओलांडलेली, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. लातूरला दिलेल्या लेकीनं तिला जुना फोन दिला आणि भजनं लावून दिली. भजनं संपली की फोनवर पुढचं आपोआप सुरू व्हायचं. उमाक्काचे हात पिठात. फोन फळीवर, डब्याला टेकवलेला. बंद कोण करणार? मग जे लागेल ते ऐकायचं, शेवटपर्यंत. कधी कुणी ढेकणांवर बोलायचं, कधी कुणी शेअर बाजारावर. असं करत करत तिनं शेकडो पॉडकास्ट ऐकले. हा शब्द ती 'पाटकास' असा म्हणायची. शिवकन्येनं एकदा सुधारून दिला. "व्हय का," म्हणाली आणि पुन्हा पाटकासच म्हणाली.

सांगायची तिची रीतही न्यारी. लिंक पाठवायची नाही. आधी माणसाला बसवायची. कधी ऐकणार, तेव्हा हातात काय काम असतं, घरात कोण असतं, विचारायची. मग एकच सांगायची. तासाचा असेल तर म्हणायची, "चाळीस भाकरींचा हाय. पयल्या पाच भाकरी सोडून दे, त्यात ते दोघं एकमेकाला सर सर करत बसतेत." एकाला सांगितलेलं दुसऱ्याला सांगायची नाही.

ओटीचं सामान विकणाऱ्या कोंडाबाईला तिनं जहाजावरच्या खलाशांचा पॉडकास्ट सांगितला. कोंडाबाईनं समुद्र पाहिलेला नाही. शिवकन्या हसली होती. महिन्याभरानं कोंडाबाई गिऱ्हाइकाला नारळ देता देता विचारायला लागली, "तुमच्याकडं वादळ कुठल्या महिन्यात असतंय?"

शिवकन्येनंही यादी केली होती. 'आवर्जून ऐकावेत असे वीस पॉडकास्ट'. प्रत्येकाखाली चार ओळींची टिपणी. शब्द तोलून लिहिलेले. दोन रात्री घालवल्या. गल्लीच्या ग्रुपवर टाकली. दोन अंगठे आले. एक मामेभावाचा, तो सगळ्यालाच अंगठा देतो. दुसरा लॉजच्या सोमलिंगचा. तो दुसऱ्या दिवशी भेटला आणि म्हणाला, "ताई, यादी लई भारी. आता यातलं कुठलं ऐकू ते उमाक्काला विचारतो."

हेही तिनं गिळलं असतं. पण घरात आण्णा होते.

आण्णासाहेब तिचे वडील. तीस वर्षं भाविकांची जीप चालवली. साखरेनं डोळे नेले तसा पेपर सुटला. दिवसभर बाहेरच्या खोलीत बाजेवर बसून राहायचे. शिवकन्येला एवढंच हवं होतं, की आण्णांनी तिनं दिलेलं काही तरी एकदा शेवटपर्यंत ऐकावं. आई गेल्यापासून दोघांत जेवणाखाण्यापलीकडं बोलणं उरलं नव्हतं. तिनं कवितावाचन लावून दिलं. आण्णा म्हणाले, "आवाज चांगला हाय गं," आणि घोरायला लागले. तिनं इतिहासाचं दिलं. आण्णांनी मान हलवली आणि गोळी मागितली.

मग एका संध्याकाळी उमाक्का भाकरी घेऊन आली, तासभर बसली आणि जाताना एक सांगून गेली. कुणी निवृत्त वकील कोर्टातले बारकेसारके खटले सांगायचा. बांधावरचा आंबा कुणाचा, हरवलेली म्हैस कुणाची. दुसऱ्या दिवशी शिवकन्या स्वयंपाकघरात होती आणि बाहेर आण्णा ओरडत होते.

"आरं जज्ज हायस का कोण हायस! आंबा बांधावर, मुळ्या त्याच्या रानात!"

ती धावत आली. आण्णा फोनशी भांडत होते. निकालाआधी फोन थांबवायचे, आपला निकाल द्यायचे आणि मग पुढं लावायचे. गालावर रंग चढला होता. तिला आनंद व्हायला हवा होता. ती तशीच मागं वळली आणि आत गेली.

त्यानंतर संध्याकाळी उमाक्काची चाहूल लागली की आण्णा सदऱ्याची बटणं लावून बसायचे.

"काय आक्का, आज कोन कोर्टात?"

"आज दोघी जावा हायेत, आण्णा. एका पाटल्यांच्या जोडीवरनं."

"मंग मोठ्या जावंनं दडवल्या आसतील."

"ऐका तर आधी! लागले निकाल द्यायला."

दोघं हसायचे. शिवकन्या आत चहा करायची. चहात साखर जास्त पडायची, मग आण्णांचा कप पुन्हा करायला लागायचा.

भाद्रपदातल्या एका दुपारी ती भिंतीला पाठ लावून बसली होती. पलीकडून थापण्याचा आवाज येत होता आणि त्यावर एका म्हाताऱ्याचा आवाज. घाटात गाडी कशी उतरवायची, ते तो सांगत होता. ब्रेकवर भरवसा कसा ठेवायचा नाही. मागे बसलेल्या बाया कशा आरत्या म्हणायच्या. कुणी तरी जुन्या ड्रायव्हरांना बोलतं करत होतं.

शिवकन्या ताठ झाली. हे आण्णांसाठीच. संध्याकाळी उमाक्का येणार, सांगणार, आणि आण्णा पुन्हा खुलणार. या वेळी नाही.

ऐकलेले दोन-चार शब्द घालून तिनं शोधलं. दहा मिनिटांत सापडलं. तिनं ते ऐकलं नाही. तेवढा वेळ नव्हता.

"आण्णा, हे ऐका. खास तुमच्यासाठी शोधलंय."

आण्णांनी फोन छातीवर ठेवला. ती दाराआड उभी राहिली. घाटाचं आलं तेव्हा आण्णा हुंकारले. आरत्यांचं आलं तेव्हा हसले. ती आत गेली आणि कुकर लावला. किती तरी दिवसांनी तिनं गाणं गुणगुणलं.

शिट्टी झाली तेव्हा बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. ती आली. फोन उशीखाली दाबलेला होता. आण्णांनी तोंड भिंतीकडं केलं होतं.

"आण्णा?"

"कुनी दिलं हे तुला?"

आवाज असा होता, की तिला खरं बोलवेना.

"उमाक्कांनी," ती म्हणाली.

तिला आपल्याच तोंडाचं नवल वाटलं. मग हळूहळू, खोल कुठंतरी, गार वाटलं, की आता उमाक्काही आण्णांना नकोशी होणार. हेही तिला कळलं.

संध्याकाळी उमाक्का आली. आण्णांनी बटणं लावली नव्हती.

"आता काय नगं ऐकायला, आक्का. डोकं दुखायलंय."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी उमाक्का दारातच भाकरी देऊन गेली. चौथ्या दिवशी भाकरी घेऊन सोमलिंग आला.

पहिले दोन दिवस शिवकन्येला बरं वाटलं. तिनं यादी पुन्हा काढली. "हे लावू का?" "नगं." "हे?" "नगं म्हनलो न्हवं?" आण्णा बाजेवर पडून असायचे. जेवण अर्धं टाकायचे. आता उमाक्काचंही नाही आणि तिचंही नाही. आठवा दिवस उजाडला तेव्हा घरातली शांतता तिच्याच्यानं ऐकवेना. ती भिंतीपलीकडं गेली.

उमाक्का काठवटीशी बसली होती. तव्यावर एक, हातात एक. फोन बंद होता.

"ये. बस," तिनं वर न बघता म्हटलं. "काय चुकलं गं माझं? आण्णा असं कधी करत न्हवते."

"आक्का, ते जुन्या ड्रायव्हरचं ऐकलं होतं तुम्ही. त्या दिवशी दुपारी."

उमाक्काचा हात थापता थापता थांबला.

"ते तुला कुटनं ठावं?"

"भिंतीतनं ऐकलं. वाटलं, आण्णांना देणार असाल."

"अय्यो! त्यांना दिलंस?" पिठाचा हात तिनं तसाच कपाळाला लावला. "आगं, ते आपोआप लागलेलं. मी काय निवडलंय का ते? तू पुरं ऐकलंस तरी?"

"नाही."

"बाविसाव्या भाकरीला तो रस्त्यावर मेलेल्या मानसाचं सांगतोय. त्याच्याच गाडीखाली आलेल्या. मी मनात म्हनले, आण्णाच्या कानावर हे कधी पडू नये."

"का?"

उमाक्का तिच्याकडं बघत राहिली. तवा धुरायला लागला होता.

"तुला ठाव न्हाय? आण्णानं जीप का विकली?"

"कंबर धरायची. मी नववीत होते."

उमाक्कानं करपलेली भाकरी उलथली आणि बाजूला टाकली.

"तुम्हाला त्यांनी सांगितलं?"

"गेल्या दिवाळीत."

गल्लीतल्या सगळ्यांनी उमाक्काचंच ऐकलं असतं, तरी शिवकन्येला ते या एका गोष्टीइतकं लागलं नसतं. मग तिनं उरलेलंही सांगून टाकलं. "आण्णांनी विचारलं, कुणी दिलं. मी तुमचं नाव सांगितलं."

उमाक्कानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. बराच वेळ ती हाताला चिकटलेलं पीठ खरवडत राहिली.

"आठ दिस," ती म्हणाली. "आठ दिस त्या मानसाला वाटायलंय, की मी जानूनबुजून दिलं. जा. आधी खरं सांग त्यांना. मंग माझ्याकडं ये. न्हाय आलीस तरी चालंल."

आण्णा जागेच होते. शिवकन्या बाजेच्या पायथ्याशी, जमिनीवर बसली.

"ते उमाक्कांनी दिलं नव्हतं, आण्णा. मी दिलं होतं. न ऐकता."

आण्णांनी मान वळवली. दिसत नव्हतं तरी तिच्या चेहऱ्याच्या जागी बरोबर बघितलं.

"खोटं का बोललीस?"

"तुम्ही तिचंच ऐकता."

आण्णांच्या घशातून हसल्यासारखा आवाज आला. "येडी हायस. तू मला काय ऐकायचं ते सांगतीस. तिनं बसून इचारलं, आण्णा, गाडी का विकली."

शिवकन्या बाजेच्या आणखी जवळ सरकली. मग ती म्हणाली, "आता मी विचारते."

आण्णा उठून बसले. पाणी मागितलं. आणि सांगायला लागले. नळदुर्गचा रस्ता. सकाळचे नऊ. दुधाच्या दोन किटल्या लावून लुनावर आलेला माणूस, आडवाटेनं, एकदम समोर. डांबरावर पसरलेलं दूध. त्याचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा तो म्हणाला, किटल्या लोकांच्या हायेत, जपा. इथं आण्णा थांबले. मग त्याच्या घरी गेल्याचं सांगितलं. त्याच्या बायकोनं पाणी दिल्याचं. मग जीप विकल्याचं.

शिवकन्या रडत ऐकत होती. तरी एक गोष्ट तिला दिसलीच. आण्णा कुठंच अडखळले नाहीत. कुठं थांबायचं, किटल्यांचं कुठं सांगायचं, सगळं ठरलेलं होतं. पहिल्यांदा सांगताना माणूस असं सांगत नाही. तो चाचपडतो, मागं जातो, शब्द विसरतो, रडतो. ते सगळं दिवाळीत होऊन गेलं होतं, भिंतीपलीकडच्या बाईसमोर.

तिनं आण्णांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला.