मोठ्या सिस्टरची परीक्षा

कॅन्सर झालेल्या मुलांच्या वॉर्डात तिला सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. हात इतका हलका, की सुई टोचल्याचं पोरांना तिची गोष्ट ऐकून संपल्यावर कळायचं. पण या वॉर्डातल्या नर्सना आता प्रमाणपत्राची परीक्षा द्यावी लागणार, असं फर्मान निघालं आणि पन्नाशी उलटलेल्या बाईला पुन्हा पुस्तकं उघडावी लागली. पहिल्या खेपेला ती चक्क नापास झाली.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होत्या. पाय न थांबवता म्हणाल्या, "उसवलं तर पुन्हा टीप घालायची. त्यात तोंड पाडायचं काय?"

तेव्हापासून जेवणं आटोपली, की स्वयंपाकघरातल्या टेबलावर शाळा भरू लागली. सासूबाई चष्मा सावरत प्रश्न वाचायच्या. औषधांच्या नावांची अशी काही चिरफाड करायच्या, की सून हसून बेजार. पण पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाला ताप आला तर घटकाभरही थांबायचं नाही, हे अखेर दोघींना तोंडपाठ झालं.

एका प्रश्नावर मात्र सिस्टर अडून बसली. 'मी मरणार का?' असं मुलानं विचारलं तर काय कराल? 'नाही रे सोन्या' म्हणायचं, आणखी काय? पुस्तक म्हणत होतं, आधी त्याच्या मनात काय आहे ते विचारा. पुस्तक लिहिणाऱ्यांनी कधी आजारी पोर मांडीवर घेतलंय का, म्हणून ती बराच वेळ तणतणली.

पुढच्याच आठवड्यात ती सलाईन बदलत असताना खारूताईनं तेच विचारलं. खारूताई म्हणजे नऊ वर्षांची, पेन्सिली कुरतडणारी पोर. 'नाही गं' अगदी ओठांवर आलं होतं. सिस्टरनं ते गिळलं आणि ती कॉटच्या कडेला टेकली.

"तुला काय वाटतं, बाळा?"

पोर चादरीची दशी ओढत राहिली. मग म्हणाली, "मी आईशी भांडले ना, म्हणून मला हे झालं. म्हणून ती बाथरूममध्ये जाऊन रडते."

सिस्टरनं तिचा हात हातात घेतला. भांडणानं असा आजार कुणालाच होत नाही, हे तिनं परोपरीनं समजावलं. आम्ही सगळे तुला बरं करायला झटतोय, तेही सांगितलं. मग आईला बोलावून आणलं. मायलेकी एकमेकींना बिलगून पोटभर रडल्या, आणि संध्याकाळी पोरीनं आपणहून जेवायला मागितलं. वर्षभराच्या उपचारांनंतर ती बरी होऊन घरी गेली.

सिस्टर दुसऱ्या खेपेला पास झाली. पहिल्या नंबरानं वगैरे नाही, काठावरच. निकाल ऐकून सासूबाईंनी नुसता सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. मग शेजारणीला फोन लावला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "आम्ही पास झालो."