वहीचं शेवटचं पान

१९८६च्या उन्हाळ्यात दीपाचं चीनला जायचं पक्कं झालं आणि शरयूने नोव्हाय गावातल्या दुकानातून एक शंभरपानी वही आणली. लेक दोन वर्षं नानजिंगला शिकणार होती. शरयूला चीनची काहीच माहिती नव्हती. पण परक्या देशात पहिल्या महिन्यात माणूस कशाकशाला अडतं, हे तिला वीस वर्षांपूर्वी मिशिगनला उतरल्यापासून ठाऊक होतं.

लायब्ररीतल्या मिसेस लिन मूळच्या नानजिंगच्या. शरयू दुपारी डब्यात काहीबाही घेऊन त्यांच्याकडे जायची, विचारायची आणि घरी येऊन लिहायची. नळाचं पाणी पिऊ नकोस, वसतिगृहात उकळलेलं मिळतं ते सकाळीच थर्मासात भरून ठेव. टॉयलेट पेपर कायम पर्समध्ये असू दे. पासपोर्टचे डझनभर फोटो ने, जिथे तिथे मागतात. सायकलला दोन कुलपं लाव. पत्रांवर नंबर घाल, म्हणजे मधलं हरवलं तर कळेल.

"अगं, युनिव्हर्सिटीने पॅम्फ्लेट दिलंय तिला," तिचा नवरा एकनाथ हसला. "तू काय राज्यघटना लिहितेयस?"

"पॅम्फ्लेटला मुलगी नसते," शरयू म्हणाली.

शेवटचं पान तिने कुणालाही न विचारता लिहिलं. 'नाहीच करमलं तर परत ये. कुणी काही म्हणणार नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.'

निघताना दीपाच्या हातावर दही घातलं आणि वही दिली. दीपाने पानं चाळली, जरा थांबली. "थँक्स, आई," म्हणत तिने घट्ट मिठी मारली.

सहा आठवड्यांनी दीपाचं इंग्लिशमधलं पत्र आलं. कोपऱ्यात नंबर नव्हता. एकनाथने मोठ्याने वाचलं. नळाचं पाणी पिऊन दीपा चार दिवस आजारी होती. सायकल चोरीला गेली होती. फोटोंपायी तिला तीनदा ऑफिसातून परत पाठवलं होतं.

"हे वहीत नव्हतं?"

"होतं."

"मग वाचली नाही पोरीने?"

त्याने पुढे वाचलं. 'आई, तुझी वही उशाशी असते. रूममेटने विचारलं, काय लिहिलंय. मला वाचता येत नाही म्हणायची लाज वाटली. म्हटलं, प्रार्थना आहेत.'

एकनाथने पत्र खाली ठेवलं. दीपा पहिलीत असताना शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, घरी इंग्लिशच बोला, मुलगी गोंधळते. मराठी तिच्या कानावर पडत राहिली, कळत राहिली. अक्षरं राहून गेली, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पुढे तिने चिनी अक्षरं वह्या भरभरून गिरवली, तेव्हा शरयू शेजारी बसून कौतुकाने बघायची.

"मी इंग्लिशमध्ये लिहून देतो," एकनाथ म्हणाला.

"नको. मी लिहिते. तू फक्त स्पेलिंग सांग."

तिने पत्राच्या कोपऱ्यात '१' असा नंबर घातला. पाणी झालं, फोटो झाले, कुलपं झाली. थर्मासचं स्पेलिंग त्याने दोनदा सांगितलं. मग शेवटच्या पानाची पाळी आली आणि तिचा हात थांबला.

"काय अडलं? विचार ना."

ती त्याच्याकडे बघत राहिली. वीस वर्षांत त्याने 'काय अडलं' असं कधी विचारलं नव्हतं, आणि आजही तो स्पेलिंगपुरतंच विचारत होता.

"काही नाही," ती म्हणाली. "झालं." आणि त्या शेवटच्या ओळी न लिहिताच तिने पत्र दुमडलं.